चाकधूळ

सकाळी सातलाच ॲरिझोनातलं ऊन
मानेवर हात ठेवून उभं असतं.
मी गाडीतून उतरतो: टोपी, टेप, तपासणीचा कागद.
घर अजून नुसता सांगाडा. ताज्या पाइनचा वास,
आणि भिंतींच्या आरपार डोंगर.

हार्लन स्टॉडर्ड, कंत्राटदार, रोजचंच बोलतो:
"इथे राहणारे दोघं धडधाकट. सायकली दामटतात.
कुणासाठी हे सगळं?"
मी टेप ओढतो. बाथरूमचं दार: एकतीस.
"एका इंचानं काय आभाळ कोसळतं?"
"आभाळ नाही. बोटं सोलवटतात."

रोसाल्बा किहुइसची बोटं मी चौथीपासून ओळखतो.
पोलिओच्या त्या उन्हाळ्यानंतर
वर्गात तिच्या खुर्चीसाठी एक बाक हलवला, तो मी.
माझ्या लग्नाच्या मेजवानीला ती अंगणातच बसली.
केकचा तुकडा बाहेर नेऊन दिला.
माणसं आळीपाळीनं येऊन बोलून गेली,
आजाऱ्याला भेटावं तशी.
पाणी विचारलं, तर नको म्हणाली.

ते 'नको' मला कळलं वीस वर्षांनी, काउंटीच्या सभागृहात,
ती माइकशी बोलत होती तेव्हा:
"कुणाकडे जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून
पाणी पीत नाही.
वाळवंटात, साहेब."

अकरा मंगळवार ती तिथे गेली.
उंबरठे झिजवणं म्हणतात ते हेच.
फक्त तिनं झिजवले ते
अजून न बांधलेल्या घरांचे.
बिल्डरांचा वकील म्हणाला, आमचं घर, आमची मर्जी.
ती म्हणाली, तुमचंच राहू द्या.
मला तिथे राहायचं नाही, फक्त यायचंय.
दोन तास. जेवायचंय, पत्त्यांत हरायचंय,
आणि मधे एकदा संडासला जायचंय.

कायदा झाला तो वाण्याच्या यादीएवढा:
एक दार बिनपायरीचं,
बत्तीस इंच मोकळी वाट,
बसल्या हाताला येतील अशी दिव्यांची बटणं,
आणि बाथरूमच्या भिंतीत, आतल्या आत, एक जाड आडवी फळी.

त्या फळीवर माझा जीव.
युसेबियो ती ठोकतो, ओठांत चार खिळे धरून.
उद्या भिंत बंद होईल. कुणाला दिसणार नाही.
तीस वर्षं अंधारात ती तशीच.
मग एक दिवस त्या सायकलवाल्याचा तोल जाईल,
कुणीतरी आधाराची दांडी बसवायला येईल,
आणि स्क्रू पोकळीत न जाता
लाकडाला धरेल.

"बरं बाबा, बदलतो दार," हार्लन म्हणतो.
आणि सहज, थर्मासचं झाकण फिरवता फिरवता:
"तुझ्या घराला किती पायऱ्या रे?"

तीन. लाल विटांच्या, सासऱ्यांनी रचलेल्या.
नाताळात त्यांवर कागदी पिशव्यांतल्या मेणबत्त्या लावतो आम्ही.
कायदा नव्या घरांना. माझं जुनं.
रोसाल्बा फाटकापाशी येते, हॉर्न वाजवते,
मी बाहेर जातो.
पायधूळ झाडायला ये, म्हणतात माणसं.
तिची चाकधूळ माझ्या फरशीवर कधी पडली नाही.
तिनं विषय काढला नाही.
आणि मी, सबंध काउंटीची दारं मोजणारा.

संध्याकाळी माझ्याच दारात ओणवा झालो.
सात, सात, सात. एकवीस इंच.
इंचामागे फूट, म्हणजे एकवीस फूट उतार.
टपालपेटीपर्यंत अंगण अठरा.
सरळ बसत नाही.
पालो वेर्देच्या हिरव्या बुंध्याला वळसा घालावा लागेल.
खडूनं रेघ मारत गेलो,
झाडापाशी खुर्ची फिरेल एवढी जागा सोडली.

नोरीन दारात आली. "काय हरवलंय?"
काही बोललो नाही. आत गेलो,
बाथरूमच्या चौकटीला टेप लावला.

चोवीस.

पुन्हा मोजलं.
मग विचारलं तिला,
करवत कुठे ठेवलीय.